टाकळ्याचे बी आणि चिनी चहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत चिनी औषधी चहांची ओळख करून देताना ‘जुए मिंग झी’ या बियांचा ‘नजर तेज करणारे बी’ असा गौरव करण्यात आला आहे. चीनच्या अधिकृत औषधकोशात या औषधासाठी ज्या दोन वनस्पती मान्य आहेत, त्यांतली एक म्हणजे आपला टाकळा, ज्याची कोवळी पाने पहिल्या पावसानंतर कोकणात फणसाच्या आठळ्या घालून भाजीसाठी आवर्जून खुडली जातात. त्यामुळे महागडी चिनी पुडी मागवण्याऐवजी रस्त्याकडेच्या शेंगा गोळा करून काढा उकळण्याचा मोह अनेकांना होणार, म्हणून हे पत्र.

चिनी वैद्यकात हे बी फार पूर्वीपासून आहे, पण ते रोजच्या चहाचा पर्याय म्हणून सांगितलेले नाही. शरद ऋतूत पिकलेल्या शेंगा वाळवून काढलेले बी बहुधा कोरडे भाजून व ठेचून वापरतात; भाजल्याने त्याचा रेचक जोर ओसरतो आणि काढ्याला कॉफीसारखा खरपूस वास येतो. (आपल्याकडेही टाकळ्याचे बी भाजून कॉफीऐवजी वापरले जात असे.) डोळे लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे, डोकेदुखी, चक्कर आणि बद्धकोष्ठ अशा लक्षणांवर वैद्य ते देतो, पुष्कळदा शेवंतीच्या फुलांबरोबर, आणि औषधकोशातील मात्रा ९ ते १५ ग्रॅम आहे. ज्यांना शौचास पातळ होते त्यांनी ते टाळावे, असे तिथलेच वैद्यक बजावते. लेखात यातले काहीच नाही. उलट या बियाने चष्म्याचा नंबर उतरेल किंवा मोतीबिंदू टळेल, असा समज करून घेण्यास त्यात वाव आहे आणि त्या समजाला कसलाही आधार नाही.

या बियांत क्रायसोफेनॉल, इमोडिन यांसारखी अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्ये असतात. सोनामुखीचा रेचक गुणही याच वर्गातील द्रव्यांमुळे येतो. टाकळ्याच्या बियांपासून काढलेल्या डिंकाला खाद्यपदार्थांत परवानगी देताना युरोपीय संघाने ही द्रव्ये किलोमागे ०.५ मिलिग्रॅमहून अधिक नसावीत अशी अट घातली आहे. जे डिंकात इतके काटेकोरपणे मोजले जाते, ते गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी मनाने रोज पिणे शहाणपणाचे नाही.

याहून गंभीर धोका कासविंद्याचा आहे. तो टाकळ्याचा सख्खा भाऊबंद असून पडीक जमिनीवर त्याच्याच शेजारी वाढतो. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दरवर्षी एका गूढ आजाराने दगावत होती आणि त्याला विषाणूजन्य मेंदूज्वर समजले जात होते. यकृत, स्नायू व मेंदूवर आघात करणाऱ्या त्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे बिजनौर परिसरातील अभ्यासातून २००७ मध्ये पुढे आले. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली असते व तिचे बी तिरकस कापल्यासारखे कोनदार, चकचकीत असते. कासविंद्याची शेंग रुंद व चपटी, फिकट कडांची, आणि बीही चपटे. पानांवरूनही फरक कळतो : टाकळ्याला गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि संख्येने अधिक.

पावसाळा सरला की दोन्हींच्या शेंगा वाळू लागतील. त्याआधी आपण दोन्हींची छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, आणि मूळ लेखात राहून गेलेली, बियांची मात्रा किती व ते कोणी टाळावे याची माहिती त्यांसोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी