लाकडी बैल आला, मारबत कधी येणार?

महोदय,

मोबाइल आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांना सरसकट शिव्या घालणारी पत्रं आपल्या सदरात नेमानं छापून येतात. गोळीबाराचे खेळ मलाही आवडत नाहीत, त्यामुळे बहुतेक पत्रांशी माझं भांडण नाही. पण एका खेळाची बाजू मांडायची आहे, आणि त्यानिमित्तानं मराठीच्या नावानं खर्च करणाऱ्यांकडे एक मागणीही आहे.

नागपूरच्या महाल भागात माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. शासनाच्या परीक्षेसाठी मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस (म्हणजे मिनिटाला इतके शब्द) अशा बॅचेस चालतात. मे महिन्यात कुलरच्या घरघरीत पोरं उतारे बडवत बसतात. ‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की’ हे वाक्य शंभरदा टाइप करून कुणाचं मन रमणार? बोटं चालतात, डोकं सुटीवर. अशातच बहिणीच्या मुलानं एका कॉम्प्युटरवर ‘स्क्रिबलनॉट्स अनलिमिटेड’ नावाचा खेळ टाकून दिला आणि इंग्रजीच्या बॅचमधली पोरं वेळ संपला तरी उठेनात.

खेळ अमेरिकेतल्या फिफ्थ सेल या कंपनीचा. पहिला २००९ साली निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. कॉम्प्युटरवर चालणारा हा ‘अनलिमिटेड’ २०१२ चा. मॅक्सवेल नावाचा पोरगा, डोक्यावर कोंबड्याच्या आकाराची टोपी, हातात जादूची वही. वहीत शब्द लिहिला की ती वस्तू समोर हजर. झाडाच्या शेंड्यावर तारा अडकलाय, तो खाली आणायचाय. शिडी लिहा, कुऱ्हाड लिहा, झाडच पेटवून द्या, नाहीतर खोड कुरतडणारा बीव्हर सोडा. उत्तर एकच नाही. पहिल्या खेळातच २२ हजारांहून जास्त शब्द होते. २०१० च्या ‘सुपर स्क्रिबलनॉट्स’मध्ये विशेषणंही आली, म्हणजे नुसता हत्ती नाही, उडणारा हत्ती, घाबरट हत्ती, जांभळा हत्ती.

मराठी शाळेतली एक मुलगी माझ्याकडे येते. इंग्रजी स्पेलिंग म्हटलं की तिच्या पोटात गोळा. तिनं बराच वेळ ओठ हलवत एकेक अक्षर शोधून ‘वुडन बुल’ लिहिलं, आणि पडद्यावर लाकडाच्या रंगाचा बैल उभा राहिला. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या लहान मुलांच्या पोळ्यातला चाकांचा लाकडी बैल आला म्हणून सगळी बॅच खुर्च्या सरकवून धावली. ‘मॅडम, याले चाकंच नाही ना!’ हा पहिला आक्षेप. मग एकानं ‘मारबत’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मारबत म्हणजे रोगराई घालवायला आम्ही मिरवणुकीनं नेतो तो भलामोठा पुतळा. खेळानं भलतेच जवळपासचे शब्द पुढे केले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत आमचा सगळा महाल-इतवारी रस्त्यावर असतो, पण या वहीला ती ठाऊक नाही. अमेरिकेतल्या कंपनीला का ठाऊक असावी? तिच्यावर माझा राग नाही.

माझी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. मराठीत शब्द कमी नाहीत. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते ३८ मध्ये निघाला, विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण अशा खेळाला नुसता अर्थ पुरत नाही. वस्तू जड की हलकी, पाण्यात तरंगते की बुडते, पेट घेते का, प्राणी असेल तर काय खातो नि कुणाला घाबरतो, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. प्रत्येक शब्दासाठी सगळं पहिल्यापासून लिहीत बसावं लागतं असंही नाही. प्राणी, त्याखाली पाळीव प्राणी, त्याखाली बैल अशी उतरंड लावली की वरचे गुण खालच्याला आपोआप मिळतात. बैलाला भूक लागते हे वेगळं लिहावं लागत नाही. लाकडी असेल तर जळतो, एवढं जोडलं की काम झालं. अशी गुणांसकट केलेली मराठी शब्दसूची शासनाच्या मराठी भाषा विभागानं तयार करून सर्वांसाठी खुली करावी, हीच मागणी. त्यात ‘बैलगाडी’सोबत तिच्यासाठीचा आमचा वऱ्हाडाकडचा शब्द ‘बंडी’ही हवा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. दर २७ फेब्रुवारीला ग्रंथदिंडी आणि कविसंमेलनं होतात, तीही होवोत. त्या मंडपाच्या खर्चातला थोडा वाटा इकडे वळवा. सुरुवात नागपुरातून का नको? विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ, दोन्ही १९२३ चे, दोघांनीही शंभरी ओलांडलेली. व्हीएनआयटी या इथल्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत कॉम्प्युटर शिकणारी मुलं शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधत असतातच. घरातल्या नि गल्लीतल्या चारपाचशे वस्तूंपासून सुरू केलं तरी नमुना उभा राहील.

अडचणी आहेत, त्या मला रोज दिसतात. इंग्रजीत ‘ब्लॅक’ एकदा लिहिलं की भागतं. आपल्याकडे काळा घोडा, काळी घोडी, काळं मांजर हे सगळं चाललं पाहिजे. रेमिंग्टन या टाइपरायटरच्या जुन्या कीबोर्डावर शिकलेली पोरं पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, इन्स्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवाली नंतर; दोघांची सोय बघावी लागेल. आणि कुणी ‘पाणि’ लिहिलं तर लाल रेघ ओढू नये, ‘पाणी म्हणायचंय का?’ असं विचारावं. इंग्रजी खेळ चुकलेल्या शब्दाला असंच सावरून घेतो, म्हणून तर ती मुलगी पुन्हा लिहायला धजली.

खेळ अगदी गुणाचा आहे असं मात्र नाही. बंदूक आणि बॉम्ब त्यात आहेत. शिव्या नाहीत, आमच्या पोरांनी ते सगळ्यात आधी तपासलं. शिवाय पोरं आळशी होतात. पंखांनी एकदा काम भागलं की जिथे तिथे पंखच. पहिल्या खेळात यावर तोड होती: सुटलेलं कोडं पुन्हा तीनदा सोडवायचं, आणि एकदा वापरलेली वस्तू परत चालायची नाही. मराठीत करताना ही अट ठेवाच.

कुणी नमुना बनवलाच तर तपासायला माझ्याकडे या. दुपारी कॉम्प्युटर रिकामे असतात, आणि वात्रट शब्द हुडकून काढणारी पोरं हवी तेवढी देते.

– एक टंकलेखन शिक्षिका, महाल, नागपूर