आई, मी एकटा बोलत नव्हतो

ती. आई आणि ती. बाबा,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "अजून शनिवारी ते कानाला लावून बडबडत बसतोस का रे?" मी "हो, थोडा वेळ" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र जरा खजील झालो. तुम्ही तीन महिने इथे लीड्सला राहून गेलात आणि तो काय प्रकार आहे हे मी एकदाही धड सांगितलं नाही. फोनवर सांगायला गेलो तर आई मध्येच "जेवलास का" विचारणार, म्हणून हे पत्र. टाइप केलंय बाबा, त्यामुळे अक्षराला नावं ठेवायची सोय नाही.

आई, तुला इथला पहिला शनिवार आठवतोय? जूनचे दिवस. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, त्यामुळे दिवेलागण कधी करायची हेच तुला कळेना. शेवटी घड्याळात सात वाजले की तू उन्हातच निरांजन लावायचीस. त्या दिवशी सहाच्या सुमारास तू चहा घेऊन आलीस. मी पडदे ओढून टीव्हीसमोर बसलो होतो आणि ओरडत होतो, "मागे ये, मागे ये! अरे सोड तो, मी घेतो!" खोलीत दुसरं माणूस नाही. तू कप ठेवलास, माझ्याकडे बघितलंस आणि काही न बोलता गेलीस. रात्री मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढलीस. तव्यावर मिरच्या पडताच स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि खालचे आजोबा चपला घालून जिना चढून आले. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तर मी बोलत होतो पिंट्याशी आणि बंड्याशी. आपल्या बिल्डिंगमधलेच. पिंट्या अजून डोंबिवलीतच आहे, बंड्या टोरांटोला. आणखी एक डॉक्टर. म्हणजे डॉक्टर नव्हे, सुईला घाबरून संडासात लपून बसला होता तो, सध्या नाशिकला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत पिंट्याकडे भाड्यानं व्हिडिओ गेम यायचा, आठवतं? कॅसेट काढून फुंकायची, परत खुपसायची. रिमोट दोन आणि पोरं पाच. हरला त्यानं रिमोट सोडायचा आणि मागे बसून आरडाओरडा करायचा. तेच चाललंय, फक्त मागे बसायची जागा आता तीन देशांत पसरली आहे.

आम्ही गाड्यांनी फुटबॉल खेळतो. हसू नका. रॉकेट लीग म्हणतात त्याला. तीन गाड्या इकडे, तीन तिकडे, मध्ये खोलीएवढा चेंडू आणि पाच मिनिटांचा सामना. तुम्ही त्याला रिमोट म्हणता तो कंट्रोलर. त्याच्या पोटातच माईक असतो आणि एक बारीकसं बटण. ते दाबलं की नारिंगी दिवा लागतो आणि आपला आवाज बंद. मी कानाला हेडफोन लावतो ते खरं तर शेजाऱ्यांसाठी. आणि आई, "पार्टीत ये" असं मी म्हणायचो ते खाण्यापिण्याचं नव्हतं. आम्ही चौघं मिळून बोलायची जी खोली उघडतो तिला पार्टी म्हणतात.

बाबा, तुम्हाला साल लागतं, म्हणून सांगतो. मायक्रोसॉफ्टनं २००२ साली एक्सबॉक्स लाइव्ह, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांशी गेम खेळायची सोय, सुरू केली तेव्हा सुरुवातीच्या संचातच हेडसेट घालून दिला होता. म्हणजे खेळताना लोक बोलणार, हे त्यांनी आधीच धरलं होतं. २००८ मध्ये त्यांनी ही पार्टी आणली. आठ जण एकत्र बोलू शकायचे, मग प्रत्येक जण वेगळाच गेम खेळत का असेना. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. आमचा डॉक्टर गेले सहा महिने खेळतच नाहीये. त्याची मुलगी लहान आहे, ती झोपली की तो पार्टीत येतो आणि नुसता बसतो. कपड्यांच्या घड्या घालतो. मध्येच म्हणतो, "बंड्या, पास दे की रे." त्याला स्क्रीनसुद्धा दिसत नसतो.

वेळ जमवणं ही वेगळीच कसरत. इथे थंडीत संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे अकरा आणि बंड्याकडे दुपारचे साडेबारा. मार्चमध्ये कॅनडा घड्याळ आधी पुढे करतो, आम्ही महिनाअखेरीस, त्यामुळे दोन-तीन आठवडे सगळा गोंधळ. डोंबिवलीचं घड्याळ तेवढं जागचं हलत नाही, म्हणून आम्ही पिंट्याच्या घड्याळानं चालतो. पिंट्यानं पीएस फाइव्ह, म्हणजे आमचा गेमचा डबा, भारतात आला तेव्हाच घेतला होता, २०२१ च्या फेब्रुवारीत, ४९,९९० रुपयांना. त्याच्या बायकोला त्या पैशांत फ्रिज हवा होता. ते अजून निघतं.

तुम्ही म्हणाल, गप्पा मारायच्या तर सरळ फोन करा. बाबा, करून बघितलंय. "काय म्हणतोस?" "मजेत. तू?" "चाललंय." मग दोघंही गप्प, आणि "चल, ठेवतो." हात रिकामे असले की आम्हाला बोलता येत नाही. हे काही आमचंच नवीन खूळ नाही. आई, तू आणि जोशी काकू उन्हाळ्यात पापड लाटायला बसायचात. त्यांच्या थोरलीचं सासरी पटत नाही हे तुला पोळपाटावर कळलं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसला असतात तर काकूंच्या तोंडून शब्द निघाला नसता. आणि बाबा, तुमची आठ-सतराची फास्ट. चार गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर मेंढीकोट. दसऱ्याला डब्याला तोरण लावायला तुम्ही मला एकदा नेलं होतंत, तेव्हा बघितलंय मी. पत्त्यांकडे बघत बघत एक काका बायकोच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते. कोणी मान वर केली नाही. पण सगळ्यांनी ऐकलं, आणि ठाणं यायच्या आत रक्त कोण देणार तेही ठरलं.

तुमच्या ऑफिसात व्हीआरएसची यादी लागली तेव्हा ते गाडीत आधी कळलं होतं आणि आईला आठ दिवसांनी. आई ते अजून ऐकवते.

हे सगळं कशासाठी लिहितोय ते आता सांगतो. आई, आधी बसून घे.

गेल्या नोव्हेंबरात माझी नोकरी गेली होती. टीमच बंद केली, सोळा जण. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र आलं की साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. फेब्रुवारीत मी तुम्हाला "नोकरी बदलली, पगार थोडा वाढला" म्हणालो ती हीच. बदलली वगैरे नव्हती, आधीची हातची गेली होती. मधल्या काळात तुम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल केलात, अर्धा वेळ तुमचा पंखा दिसायचा, आणि मी प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो.

पिंट्याला आणि बंड्याला मात्र त्याच आठवड्यात सांगितलं. ठरवून नाही. एक सामना संपला होता, दुसऱ्यासाठी गडी शोधणं चाललं होतं, पडद्यावर गाडी नुसती गोल फिरत होती. मी म्हणालो, "माझा जॉब गेला रे मंगळवारी." दोन-तीन सेकंद काही नाही. पिंट्याच्या बाजूनं फक्त पंख्याची घरघर. तेवढ्यात सामना सुरू झाला आणि पिंट्या म्हणाला, "तू मागे थांब. गोल सांभाळ. पुढचं आम्ही बघतो." तो खेळाबद्दलच बोलत होता. तरी मला पडदा नीट दिसेना आणि मी ते नारिंगी बटण दाबून ठेवलं. सामना चार-एक हरलो. चारही गोल माझ्यावर झाले. कोणी शिवी दिली नाही, यावरूनच कळलं की त्यांना कळलंय.

व्हिडिओवर हे झालं नसतं. माझा चेहरा दिसला असता, मग त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं, मग मला "ठीक आहे रे" म्हणावं लागलं असतं.

त्यानंतर पिंट्या शनिवारची वाट न बघता मधल्या वारीही यायला लागला. इथे तेव्हा पावणेचारलाच काळोख व्हायचा. मी आठला यायचो, म्हणजे त्याच्याकडे रात्रीचा दीड. त्याला सकाळी सातची लोकल. विचारलं तर म्हणायचा, "झोप येत नाही यार, उकडतंय." डिसेंबरात! पलीकडच्या खोलीत घरचे झोपलेले म्हणून तो कुजबुजत बोलायचा. त्याच्या माईकमधून मेलगाडीचा भोंगा यायचा, लांबून, मग जवळून. लहानपणी झोपेत ऐकलेला तोच. मी बंड्याला एकदा म्हणालो, "भोंगा ऐकलास?" तो म्हणाला, "गप, परत येईल, थांब." आम्ही दोघं सामना सोडून थांबलो. गोल झाला आमच्यावर.

सगळंच गोड आहे असं नाही. अनोळखी लोकांबरोबर आवाज चालू ठेवला तर कान किटतात. आमचे उच्चार ऐकून आईवरून, देशावरून काय काय येतं, ते लिहीत नाही. बाबा, तुम्ही ऐकलेल्या शिव्या त्यांच्या नव्हत्या, माझ्या होत्या, ते कबूल. आणि पाडव्याला आईचा फोन मी दोन मिनिटांत आटपला होता, "मीटिंग आहे" म्हणून. मीटिंग नव्हती. सामना सुरू झाला होता. ते चुकलंच.

नोकरीचं लपवलं याचा आईला राग येणार. यावा. तुला काळजी नको म्हणून लपवलं, असं लिहिणार होतो, पण ते अर्धंच खरं आहे. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते सांगता येत नव्हतं.

म्हणून या रविवारी व्हिडिओ नको, साधा फोन करतो, तुमच्या सकाळी अकराला. आई, तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेव आणि मटार सोलायला घे. बाबांनाही अर्धे दे. मीही इथे भांडी घासत असेन, पाण्याचा आवाज आला तर फोन कट झाला असं समजू नका.

तुमचा,
बाळू