भिंतीवरचे आकडे

अरुशा, टांझानिया
फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईचा फोन आला तेव्हा मी रानात होतो, रेंज नव्हती. तिचा निरोप काल रात्री ऐकला. डोळ्यावरची पट्टी निघाली, बोटं मोजता आली, आणि अजून पंधरा दिवस कागलातच राहायचं ठरलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. मेंढरांकडं दादा बघतोय. तुम्ही धुळीत जायचं नाही, एवढं माझं ऐका. आणि ताई, हे पत्र त्यांना सावकाश वाचून दाखव. थोडं लांबलंय.

लांबायचं कारण तुझ्याच निरोपात आहे. शेवटी तू घाईघाईनं सांगितलंस की गावच्या गोमाळावर, म्हणजे गायरानावर, नीलगिरी लावायचं पंचायतीत चाललंय, आणि दादा म्हणतो, "पडीकच तर हाय, कायतरी होऊंदे." त्या 'पडीक' शब्दानं रात्री झोप लागली नाही.

आप्पा, मी सध्या जिथं काम करतोय त्या भागाला सिमांजिरो म्हणतात. तारांगिरे नावाचं मोठं अभयारण्य आहे, त्याच्या पूर्वेला हा माळ. नजर पोचते तिथवर गवत, मधे एखादी काटेरी बाभूळ. पहिल्या दिवशी गाडीतून उतरलो आणि वाटलं, चिकोडीच्या पुढं आपल्याच माळावर उभा आहे. वासही तोच, पहिल्या पावसानंतर कुसळीला येतो तसा.

हा माळ अभयारण्यात नाही, गावांचा आहे. मसाई लोक इथं गुरं चारतात. पण पावसाळा लागला की तारांगिरेतले विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी रानहरणं, आणि झेब्रे अभयारण्य सोडून इथं येतात आणि विल्डबीस्ट इथंच वितात. कारण गवतात आहे. इथल्या मातीतून गवतात फॉस्फरस जास्त उतरतो आणि दुभत्या जनावराला तो लागतो. तुम्ही व्यालेल्या मेंढ्या टेकाच्या खालच्या पट्ट्यातच का न्यायचा, दुसरीकडं भरपूर हिरवं असलं तरी, हे मला तेव्हा कळत नव्हतं. दूध उतरतं, एवढंच तुम्ही म्हणायचा. त्या पट्ट्याची माती कुणी तपासलेली नाही. पण तुमचं म्हणणं तपासण्याजोगं होतं, हे मला इथं येऊन कळलं.

परवा एक विल्डबीस्ट विताना अगदी जवळून बघितली. वासरू पडलं, दोनदा कोलमडलं आणि पाचसात मिनिटांत आईच्या मागं धावायला लागलं. आपलं कोकरू उभं राहायला केवढा वेळ घेतं! पण इथं थांबायला सवडच नाही, तरस टपलेलं असतं.

आता या वासरांचीच एक गोष्ट, ती तुम्हाला नक्की पटेल. मसाई म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली की विल्डबीस्ट वितात त्या दिवसांत गुरं त्या गवतावर न्यायची नाहीत. नेली की ताप येतो, नाक गळतं, डोळे पांढरे होतात आणि जनावर मरतं, जवळजवळ वाचतच नाही. त्यांचं म्हणणं, हे विल्डबीस्ट व्याल्यावर पडणाऱ्या वारेपासून होतं. वॉल्टर प्लोराइट नावाचा डॉक्टर केनियात काम करत होता. 1960 साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी याचा विषाणू विल्डबीस्टमध्ये शोधून दाखवला. पुढं कळलं की तो वारेत नसून लहान वासरांच्या नाकातल्या पाण्यातून पसरतो. म्हणजे कारण थोडं चुकलं, पण जागा, महिना आणि जनावर, तिन्ही गोष्टी म्हाताऱ्यांनी बरोबर सांगितल्या होत्या.

आणि यात भुर्दंड कुणाला? मसाईला. सगळ्यात कसदार गवताच्या दिवसांत त्यानं गुरं काढून दूर खडकाळ रानात न्यायची. रानटी जनावर वाचवा म्हणणाऱ्यांनी हा खर्च बरीच वर्षं धरलाच नाही. अलीकडं एडिनबरोजवळची मोरडन संशोधन संस्था, ग्लासगो विद्यापीठ आणि इथली नेल्सन मंडेला विज्ञान संस्था यांनी मिळून सिमांजिरोतल्याच गुरांवर लशीची चाचणी घेतली. लस पूर्ण काम देत नाही, निम्म्याच्या आसपास देते. तरी मला ते काम मोलाचं वाटतं, कारण तो प्रश्न गुराख्याचा होता.

त्याच प्लोराइटनं बुळकांडीची चांगली लस तयार केली. आबा सांगायचे ना, बुळकांडी आली की गावात बैल उरायचा नाही, नांगराला माणसं जुंपायची. तीच बुळकांडी 1890 च्या सुमाराला इथं पोचली आणि दहातली नऊ गुरं घेऊन गेली. रानरेडे, विल्डबीस्ट, तेही मेले. मसाई उपाशी मेले. ती हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेत उतरली असं सांगतात, म्हणून मला ते वाचताना फार जड गेलं. या रोगासाठी आपल्याकडंही कमी झटले नाहीत. पुण्यात 1889 साली त्यासाठीच प्रयोगशाळा निघाली, ती 1893 मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली.

पुढचं ऐका. इथं गुरांना लस टोचली. रानातल्या जनावराला कुणी सुई लावली नाही. तरी सेरेंगेटी या इथल्या मोठ्या अभयारण्यातल्या विल्डबीस्टमधली बुळकांडी 1963 च्या सुमाराला नाहीशी झाली, कारण रोग गुरांकडूनच तिकडं जात होता. 1961 मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत 13 लाखांच्या घरात गेले. एवढी तोंडं गवताला लागल्यावर वाळलं गवत उरेना, वणवे कमी झाले, आणि वणवे थांबल्यावर झाडांची रोपं जगायला लागली. गुराख्याच्या गाईला टोचलेल्या लशीनं साऱ्या रानाची तब्येत बदलली. 2011 मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. तिचं भावंड मात्र आपल्या वाड्यावर अजून आहे. पीपीआर म्हणतात ते, मेंढरांची बुळकांडी. 2030 पर्यंत तीही संपवायची असं जगातल्या संस्थांनी ठरवलंय. दादाला सांगा, या वर्षीची लस चुकवायची नाही.

आता त्या गोष्टीकडं येतो. मागल्या आठवड्यात एका बोमात, म्हणजे मसाईंच्या वाड्यावर, रक्ताचे निकाल द्यायला गेलो होतो. म्हातारा शेणाने सारवलेल्या भिंतीला टेकून बसला होता. गेल्या साली त्याच्या वीस गाईंचं रक्त आम्ही नेलं होतं. मी कागद उघडला तर तो म्हणाला, नंबर नको, रंग सांग. आमच्या दुभाष्यानं सुदैवानं रंगही लिहून ठेवले होते. मग मी एकेक वाचत गेलो. करड्या ठिपक्यांची, तांबडी, एक शिंग मोडलेली. प्रत्येकीला तो मान डोलवायचा आणि तिची आई कुठली ते सांगायचा. तास गेला. शेवटी त्यानं तो कागद घडी करून अंगावरच्या शुकेत, म्हणजे चादरीत, खोचला.

आप्पा, मला तेव्हा आपल्या गोठ्याची भिंत आठवली. मी नववीत होतो. मेंढरं पटापट मरत होती, तेव्हा एका संस्थेचे लोक जीप घेऊन आले. दोन दिवस राहिले. तुम्ही कळप अडवून धरलात, आईनं त्यांना भाकरी-झुणका घातला. त्यांनी नळ्यांवर जे आकडे लिहिले तेच तुम्ही कोळशानं भिंतीवर लिहून ठेवलेत, निकाल आला की कुठलं मेंढरू ते कळावं म्हणून. निकाल आलाच नाही. दोन वर्षं भिंत सारवताना तुम्ही आईला तेवढी जागा सोडायला सांगत होता. त्यांचं काम कुठंतरी छापून आलं असेलही. आपल्या घरापर्यंत आलं नाही. आज मी स्वतः त्या नळीच्या पलीकडच्या बाजूला उभा आहे, म्हणून तो कागद परत नेऊन देणं माझ्या लेखी कामाचा अर्धा भाग आहे.

इथं निदान नियम आहे. बाहेरच्याला संशोधन करायचं तर सरकारची परवानगी आणि बरोबर इथला भागीदार लागतोच. म्हणून सगळं गोड चाललंय असं समजू नका. 1959 साली मसाईंना सेरेंगेटीतून उठवून न्गोरोंगोरोकडं पाठवलं, ते दुःख अजून बोलून दाखवतात. जनावर वाचवायला माणूस हाकलायचा, हे मला मान्य नाही. तेवढं इथलं घेऊ नका.

घ्यायचं असेल तर तेरात गावाचं घ्या. सिमांजिरोतलंच गाव. 2005 पासून पर्यटन कंपन्या मिळून त्या गावाला दर वर्षी पैसे देतात, आणि गाव विणीच्या माळाचा ठरलेला तुकडा नांगरत नाही, कोळसा पाडत नाही. गुरं चारायला मोकळीक आहेच. गावच्याच पोरांना राखण म्हणून पगार मिळतो. गवत मोकळं ठेवणं हेच तिथं उत्पन्न झालं.

आपल्या गोमाळाकडं कंपन्या येणार नाहीत, माहीत आहे. पण त्याला पडीक म्हणायचं नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी 2025 मध्ये एक काम केलं. जुन्या मराठी पोथ्या, ओव्या, लोकगीतं धुंडाळून त्यांत कुठली रानझाडं येतात ते काढलं. 44 जाती मिळाल्या, त्यांतल्या 27 उघड्या माळावरच्या. पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं किमान 750 वर्षांची आहेत, तोडलेल्या जंगलाची उरलेली जागा नव्हेत, असं ते सांगतात. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत हिवर, तरवड, बोर यायची ती उगाच नव्हती.

आणि त्या माळावर लांडगा आहे. देशात वाघ 2022 च्या गणनेत 3,682 भरले. लांडग्यांचा अंदाज 3,100 च्या आसपास आहे, म्हणजे वाघापेक्षाही कमी. वाघाला जंगल राखून ठेवलंय, लांडग्याला आपल्यासारख्यांचा माळ. कोकरू गेलं की तुम्ही म्हणायचा, त्याचा वाटा त्यानं नेला. पण तो वाटा तुम्ही एकट्यानं का सोसायचा? भरपाईसाठी नोंद लागते, आणि नोंद आपण कधी केली नाही. नीलगिरी लावली तर गवतही जाईल आणि लांडगाही, वर मेंढरं उसात शिरून भांडणं होतील ती निराळी.

तर असं करा. दादाला म्हणावं, पंचायतीत आत्ता फक्त एक वर्ष थांबायला सांग. त्या वर्षात मोजणी करू. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, दोन्हीकडं मी पत्रं लिहितोय. कळप दर साली दूधगंगा ओलांडून कागलाकडं जातोच, तेव्हा एकाच बाजूनं मोजून भागणार नाही. एकच अट घालणार आहे, निकाल मराठीत आणि कानडीत गावात येऊन वाचायचा. कुठलंही काम सुरू करायच्या आधी ते लेखी घेऊ.

तुम्हाला पंधरा दिवस बसूनच काढायचे आहेत, म्हणून तुमच्याकडं काम देतो. तुम्ही सांगा, ताई वहीत लिहील. माळाच्या प्रत्येक तुकड्याचं नाव, तिथं कुठलं गवत, कुठल्या महिन्यात मेंढरं नेता, कुठं न्यायची नाहीत, आणि का. कारण ठाऊक नसलं तरी चालेल. लांडग्याची बिळं कुठं होती, कुठल्या साली होती. टिटवी अंडी कुठं घालते तेही.

आईला म्हणावं, दिवाळीला येतोय, घोंगडं उन्हात टाकून ठेव. पोरांना आशीर्वाद.

आणि दादाला गोठ्याच्या त्या भिंतीचा फोटो काढून पाठवायला सांगा. आकडे पुसट झाले असतील, तरी सकाळच्या तिरक्या उन्हात दिसतील. ते कुणाच्या दप्तरात आहेत, मी इथून शोधायला घेतलंय.

तुमचा,
धाकटा