बखरीत आहे म्हणून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 1761 च्या पानिपताच्या लढाईवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, भाषाही ओघवती आहे. पण ‘जुन्या इतिहासकारांच्या मते’ असे दर परिच्छेदात म्हटले आहे आणि हे जुने इतिहासकार कोण, कोणाच्या छावणीतले, लढाईनंतर किती वर्षांनी लिहिणारे, हे कुठेच सांगितलेले नाही. भाऊसाहेबांची बखर, काशिराज पंडित आणि 1826 चा ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफ, तिघांनाही एकाच पंगतीला बसवले आहे.

काशिराजाचेच बघा. तो अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या चाकरीत होता, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. त्याने फारसीत लिहिले ते 1780 च्या सुमारास. तहाच्या बोलण्यासाठी मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांच्या चिठ्ठ्या शुजाकडे येत, त्या त्याच्या हातून जात. पेला काठोकाठ भरला आहे, ही भाऊंची शेवटची चिठ्ठी त्याच्याकडेच आली. लढाईनंतर भाऊंचे प्रेत शोधणाऱ्यांतही तो होता. एवढ्यापुरता त्याच्या तोडीचा साक्षीदार नाही. पण भाऊंनी भरतपूरच्या सूरजमल जाटाचा सल्ला उद्धटपणे झिडकारला, हेही आपले लेखक त्याच्याच भरवशावर ठामपणे सांगतात. त्या मसलतीला काशिराज हजर नव्हता! ते सगळे ऐकीव. भाऊंच्या गर्विष्ठपणाची गोष्ट अशा ऐकीव मजकुरावर पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात त्या काळातली पत्रे छापली. त्यांत भाऊ उत्तरेतले पेशव्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितात ते होड्यांबद्दल, पैशाबद्दल, यमुनेला आलेल्या पाण्याबद्दल. ज्याला फौजेच्या पोटाचा घोर लागला आहे असा माणूस तिथे दिसतो. ही पत्रे लेखकाने उघडली असती तर लेखाचा निम्मा भाग वेगळा झाला असता.

आता माझ्या चिडण्याचे खरे कारण. लेखात मल्हारराव होळकरांना ‘रणातून पळालेला’ म्हटले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांनी मुलांसमोर हेच सांगितले, वर ‘गद्दार’ हा शब्दही वापरला. समोर मल्हाररावांच्याच समाजातली, धनगरवाड्यावरची मुले बसली होती. पुढे कित्येक दिवस इतर मुले त्यांना त्या शब्दाने हिणवत होती. मी त्याच सभेत उठून पुरावा विचारला तेव्हा उत्तर मिळाले, ‘बखरीत आहे.’ मी पुढे बोलू लागलो तर संयोजकांनी मला खाली बसवले आणि आभारप्रदर्शन सुरू केले. तो राग अजून गेलेला नाही आणि परवा आपल्या छापील पानावर तेच वाचून तो पुन्हा उसळला.

भाऊसाहेबांच्या बखरीवर माझे प्रेम आहे. दत्ताजी शिंद्यांचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ वाचताना आजही माझा घसा दाटतो. पण रोहिल्यांचा सरदार नजीब याला मारले तर आपली गरज उरणार नाही, पेशवे आपल्याला धोतरे बडवायला लावतील, असे मल्हारराव शिंद्यांना म्हणाले, हेही त्याच बखरीत आहे. दोन सरदारांमधले ते खासगी बोलणे बखरकाराने कोणाकडून ऐकले? होळकरांच्या बाजूची कैफियत, म्हणजे त्यांच्या घराण्याची लेखी हकीकत, तर उलटेच सांगते: भाऊंच्याच सांगण्यावरून मल्हारराव रणातून बाहेर पडले. तीही घरची साक्ष आहे, तीही पारखूनच घ्यावी लागेल. पण एकीला इतिहास म्हणायचे आणि दुसरीचा उल्लेखही करायचा नाही, हा न्याय कसला? राजवाड्यांनी गोविंदपंत आणि मल्हारराव यांच्यावर ठपका ठेवला तो प्रस्तावनेत, म्हणजे ते त्यांचे मत झाले. पत्रे वेगळी, मत वेगळे. अशी साधने पारखून लिहिलेला इतिहासकार शेजवलकरांचा पानिपतावरचा मराठी ग्रंथ 1961 साली आला. त्यानंतर इतक्या वर्षांनी हा फरक मला आपल्याला पत्राने कळवावा लागतो, याचे वाईट वाटते.

‘सव्वा लाख बांगडी फुटली’ ही लोकांच्या तोंडची हळहळ आहे. लेखात तो मृतांचा आकडा म्हणून चौकटीत छापला आहे.

आणि तो नकाशा! त्यात कुंजपुरा पानिपतच्या दक्षिणेला दाखवला आहे. कुंजपुरा उत्तरेला, कर्नाळजवळ. भाऊ दिल्लीहून वर कुंजपुऱ्यावर गेले, तो किल्ला घेतला आणि त्याच ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली खाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. रसद तुटली ती इथे. कुंजपुरा दक्षिणेला ठेवला की या मोहिमेतले काहीच समजत नाही. शाळकरी मुले असे नकाशे कापून वहीत चिकटवतात. येत्या रविवारी दुरुस्त नकाशा त्याच आकारात, त्याच पानावर छापावा आणि मल्हाररावांबद्दलच्या त्या वाक्याला आधार कोणता, हे लेखकाने त्याखाली लिहावे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, फलटण