चौदावी दुरुस्ती लिंकनची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ वर लेख होता. त्यात अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती लिंकनच्या नावावर टाकली आहे. लिंकन गेले एप्रिल १८६५ मध्ये. दुरुस्ती मंजूर झाली जुलै १८६८ मध्ये. तिच्यातले, आणि आपल्या कलम १४ मध्येही असलेले, 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅम यांचे, आणि अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात ती लावून धरली थॅडियस स्टीव्हन्स यांनी. दोघेही वकील.

स्टीव्हन्सबद्दल थोडे लिहू द्या. न्यायमंदिरात माझी चाळीस वर्षे गेली, त्यामुळे हा माणूस मला जवळचा वाटतो. आणि तोही त्याने जिंकलेल्या एका वाईट खटल्यामुळे.

जन्म १७९२, व्हरमाँटचा. एक पाय जन्मतः अधू. वकिली पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला. मालकाने गुलामाला सहा महिन्यांहून जास्त तिथे ठेवले तर तो मुक्त, असा त्या राज्याचा कायदा. चॅरिटी बटलर ही बाई मालकाबरोबर येऊनजाऊन राहिलेली. दिवसांची बेरीज करायची की मुक्काम सलगच हवा, एवढाच वाद. १८२१ मध्ये स्टीव्हन्सनी मालकाचे वकीलपत्र घेतले आणि जिंकले. बाई गुलामीतच राहिली.

मीही वाडीतल्या एका घरमालकासाठी असाच जिंकलो होतो. सहा महिन्यांचे भाडे थकलेले, नोटिशीनंतरचा महिना उलटलेला. भाडेकरू म्हातारीचा मुलगा पैसे घेऊन आला तो पाच दिवस उशिरा. मी कोर्टापुढे तारखा मांडल्या, ताबा मिळाला. मालकाने दिलेले पेढे मी घरी नेले नाहीत.

स्टीव्हन्सनी पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले. १८३५ मध्ये राज्यातला मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायच्या बेतात होता, तो त्यांच्या भाषणाने वाचला. (आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण केले ते १९०६ मध्ये.) चौदावी दुरुस्ती त्यांना स्वतःला अपुरीच वाटत होती. तरी पाठिंबा का? "कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही," असे त्यांनी सभागृहातच सांगितले. तडजोडीच्या पुरशिसावर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) ज्याने कधी सही केली आहे, त्याला हे कळेल.

मंजुरीनंतर महिनाभरातच, ऑगस्ट १८६८ मध्ये, ते वारले. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरमधल्या इतर दफनभूमींच्या नियमांत वर्णाची अट होती, म्हणून त्यांनी तशी अट नसलेली एक लहानशी जागा निवडली आणि ते कारण आपल्या थडग्यावर कोरवून घेतले.

लेखात आणखी एक राहिले. कलम १४ सांगताना बाबासाहेब आले, कोलंबिया विद्यापीठ आले. पण १९१३ मध्ये ते तिथे गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, हे बडोद्याच्या वाचकांसाठीच्या पुरवणीत नसावे?

कृपया खुलासा छापावा. जागा कमी पडली तर वाडीची हकीकत गाळा. बिंगहॅम आणि स्टीव्हन्स ही दोन नावे तेवढी राहू द्या.

आपला,
एक निवृत्त वकील
दांडिया बाजार, बडोदे