डिस्कची वाटणी

सोलापूर, दि. ११ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लिनक्ससाठी डिस्कचे पार्टिशन (म्हणजे भागांत वाटणी) कसे करावे, असे तू विचारले आहेस. मीही गेले आठ दिवस याच हिशेबात असल्याने सविस्तर लिहितो.

मागच्या खेपेस सगळी डिस्क एकट्या रूटला (सिस्टिम बसते तो भाग) देऊन मी मोकळा झालो होतो. पुढे सिस्टिम नव्याने टाकायची पाळी आली, तेव्हा चादरींच्या जेकार्ड नक्षीच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवता उतरवता, त्यात मध्येच वीज गेल्यामुळे, उन्हाळ्यातली अख्खी दुपार गेली. म्हणून या वेळी होम (आपल्या फायलींचा भाग) वेगळे ठेवायचे, हे आधीच पक्के होते.

अडले ते रूटच्या आकारावर. कारखान्यातल्या संगणकावर मी रूटला २० जीबीच दिले होते; सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, जुन्या आवृत्त्या आणि फ्लॅटपॅक पद्धतीने टाकलेली अ‍ॅप्स यांनी ते भरले, आणि होममध्ये भरपूर जागा मोकळी असूनही अपडेट होईना. आता ६० जीबी देतो आहे. शिवाय रूट आणि होम यांच्यामध्ये ४० जीबी कोणालाच न देता तशीच सोडतो आहे. आमच्या घराच्या वाटणीत वडिलांनी मधली बोळ सामाईक ठेवली होती, तसेच हे समज. एक्स्ट४ (फायली साठवण्याची लिनक्समधली नेहमीची पद्धत) मधले रूट आराखड्यात लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तर चालू सिस्टिममध्येही वाढवता येते; मात्र लगेच पुढे होम असेल, तर त्याची सुरुवात सरकवण्यात काही तास जातात आणि जीव टांगणीला लागतो. एक्सएफएस ही तशीच दुसरी पद्धत मी घेतली नाही, कारण तिच्यातला भाग लहान करता येत नाही.

तुझी डिस्क ५०० जीबीची असली तरी सुमारे ४६५ दिसेल. कंपनी हजाराने मोजते, सिस्टिम १०२४ ने. त्यातून ईएफआयला (संगणक सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) फॅट३२ पद्धतीत १ जीबी, रूटला ६०, मधली बोळ ४० आणि उरलेले ३६४ होमला. स्वॅपसाठी (रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) वेगळे पार्टिशन न करता रूटमध्येच फाइल ठेव. तिचा आकार नंतर बदलता येतो. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करणे) हवे असेल, तर ती निदान रॅमएवढी असावी.

एक्स्ट४ करताना रूट युजरसाठी (सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता, रूट हा भाग नव्हे) ५ टक्के जागा आपोआप राखून ठेवली जाते. होमवर तेवढ्याने सुमारे १८ जीबी अडते; ट्यून२एफएस या कमांडने ते १ टक्क्यावर आण.

तुझ्या लॅपटॉपची रॅम किती, हे कळव. म्हणजे स्वॅपचा आकडा नक्की सांगतो. त्याआधी जीपार्टेड (डिस्कच्या वाटणीचा प्रोग्राम) उघडू नकोस, आणि उघडण्यापूर्वी फायली बाहेर काढून ठेव.

तुझा मित्र