तारोहून पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहिते. सेंदाईची नोकरी सोडली. एप्रिलपासून मियाकोच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवणार. जपानच्या किनाऱ्यावरच्या तारो गावात घर घेतलंय भाड्याने, सामानही लावून झालं.

बाबा, तुम्ही इथल्या २०११ च्या त्सुनामीचे व्हिडिओ शोधून पाहिले असणार. दहा मीटर उंच, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब बंधारा, तरी पाणी वरून आत आलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. त्याआधी १८९६ ला आणि १९३३ लाही गाव वाहून गेलं होतं. हे मी लपवणार नाही. पण माझं घर खाली नाही हो! त्सुनामीनंतर उंचावर वसवलेल्या सान्नो वस्तीत आहे. नवा बंधारा १४.७ मीटरचा आहे, पण इथे त्याच्या भरवशावर कुणी बसत नाही. भूकंपाचा धक्का बसला की उंचावर चढायचं, एवढंच पोरांना शिकवतात. १९३३ नंतर आखलेले रस्ते सरळ डोंगराकडे जातात. चौकांचे कोपरेसुद्धा कापलेत, पळताना पलीकडचं दिसावं म्हणून. खालच्या हॉटेलचे पहिले दोन मजले नुसते लोखंडी सांगाडा उरलेत, ते तसेच जपून ठेवलेत. बापूकाकांच्या होडीनंतर आपल्या घरात समुद्राचं नाव काढलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी सगळं पाहून, विचारून घेतलं.

आई, जेवणाचे हाल नाहीत. भात, ताजी मासळी, इथलं प्रसिद्ध वाकामे, म्हणजे समुद्री शेवाळ, घातलेलं सूप. तुझा मालवणी मसाला डब्यात जपून वापरते. रॉकेलचा हीटर आहे, जाड रजई आहे. रेल्वेने मियाको वीसेक मिनिटांवर, दवाखाना, दुकानं सगळं तिथे. शेजारच्या आजी तुझ्यासारख्याच, दारात उभं राहून जेवलीस का विचारतात. मग गळा दाटतो, तुझ्या कुशीत शिरावंसं वाटतं.

यंदा गणपतीला येणं होणार नाही. नवीन नोकरी, रजा कशी मागू? डिसेंबरात सुट्टी लागली की नक्की येते.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, आठवण करून द्यायला लावू नका. साखर तपासून रिपोर्टचा फोटो पाठवा. विहिरीवर पंप चालू करायला रात्री एकट्याने जायचं नाही. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आजच आणव, रविवारची वाट बघू नकोस.

पत्र पाठवाल तेव्हा पाकिटावर इवाते, मियाको शहर, तारो असं लिहा. २००५ पासून तारो मियाकोत गेलंय, पण नुसतं मियाको लिहू नका, इथली माणसं अजून गावाचं नाव सोडत नाहीत. सोबत कोकमं धाडा, पाव किलो पुरे.

तुमची,
मीनू